नकाशातला माणूस

काय सांगू तुम्हाला, माणसानं तीस वर्षं आवक-जावक सांभाळली ना, की त्याच्या डोक्याचंच रजिस्टर होऊन जातं! माझं झालं. आणि त्यापायी मी जो गाढवपणा केला, तो आज आमच्या बैठकीच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये टांगलेला आहे. कुणी चहाला आलं की आमची शीला आधी पाणी देते, मग फ्रेम दाखवते, आणि चहा सगळ्यात शेवटी. तुम्हीही कधीतरी याल. तेव्हा तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आत्ताच माझ्या तोंडून ऐकून घ्या. ती जरा वाढवून सांगते.

मी सरकारी कचेरीत लिपिक होतो. लोक मला अजूनही बाबूच म्हणतात. काम एकच: आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. ज्यावर शिक्का तो कागद. ज्यावर नाही ती रद्दी. इतका सोपा हिशोब! जऊळक्याला होतो, धनजला होतो, आसेगावला होतो, सगळीकडे हाच हिशोब चालला. आणि सगळीकडे भाड्याचं घर. घरमालक दरवेळी नवा, पण त्याची अट तीच. भिंतीला खिळा ठोकायचा नाही!

तुम्ही म्हणाल, खिळ्याचं काय एवढं? थांबा, सांगतो.

धनजला असताना शीलानं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. दोन लेकरं शाळेत, सासू अंथरुणाला, आणि ही कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत बीजगणित सोडवायची. पास झाली! मी वाशिमला जाऊन प्रमाणपत्राला चांगली सोनेरी काठाची फ्रेम करून आणली. शीलानं हातोडी उचलली, खिळा धरला, आणि घरमालकीण दारात हजर.

"शीलाबाई, भिंत नवीनच सारवली, रंगवली ना वो माही. खिळा नका ठोकू बाप्पा."

शीलानं हातोडी खाली ठेवली. फ्रेम जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. तिथं ती बारा वर्षं राहिली. दर बदलीला ट्रकमध्ये आधी ती पेटी चढायची. एकदा मात्र शीला म्हणाली, "आपलं घर झालं ना, तं पहिला खिळा मी ठोकीन. तुमी मधात बोलायचं नाई."

"बोलत नाई," मी म्हणालो. हे लक्षात ठेवा.

निवृत्तीच्या सुमारास आम्ही गावाबाहेरच्या लेआउटमध्ये एक प्लॉट घेतला. जमीन अकृषक झालेली, मोजणी झालेली, चारही कोपऱ्यांत दगड रोवलेले. घराचा नकाशा काढायला मयूरी होती. माझ्या जुन्या सहकाऱ्याची लेक, इंजिनिअर, अतिशय हुशार पोरगी. तिनं नकाशा काढला, नगरपरिषदेत टाकला, आणि बांधकामाची परवानगी आली. त्या दिवशी तिनं माझ्या हातात तीन मोठे कागद ठेवले.

दोन कागदांवर जांभळा गोल शिक्का होता. काय शिक्का होता म्हणून सांगू! शाई कुठं फिसकटलेली नाही, अक्षर न् अक्षर उमटलेलं. तिसऱ्या कागदावर मात्र नुसत्या टिंबाटिंबाच्या रेघा, अधूनमधून लाल शाई.

"बेटा, याच्यावर शिक्का नाई?"

"नाई काका, तो मंजुरीचा नाई. तो आपल्यापुरता हाये. पन जपून ठेवजा बरं, कामाचा हाये."

आपल्यापुरता! बिनशिक्क्याचा! मी तो घरी आणून शीलाला दिला. तिनं विचारलंसुद्धा, "हा कामाचा तं नाई ना?" मी म्हणालो, "रद्दी हाये." तिनं तो भाड्याच्या घराच्या फळीवर अंथरला आणि त्यावर चहा-साखरेचे डबे मांडले. कागद जाड होता, फळीला बरोबर बसला.

शिक्क्याचे दोन कागद मात्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिवापाड जपले. परवानगीच्या पत्रात एक अट होती, ती मला आजही पाठ आहे. 'बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणेच करणे बंधनकारक राहील. मंजूर नकाशा व प्रत्यक्ष जागा यांत तफावत आढळल्यास परवानगी रद्द समजण्यात येईल.'

तफावत! अहो, हा शब्द दिसला की लिपिक ती ओळ तीनदा वाचतो. मी वर्षभर टेप घेऊन गवंड्याच्या मागं फिरलो. विटेचा थर बसला की मोज. खिडकीची चौकट बसली की मोज. गवंडी मला तोंडावर बाबूजी म्हणायचा आणि पाठीमागं इंची बाबू.

घर झालं. आता राहिला भोगवट्याचा दाखला. म्हणजे घर नकाशाबरहुकूम आहे, राहायला हरकत नाही, असा कागद. नगरपरिषदेचे साहेब गुरुवारी तपासणीला येणार असं कळलं. शीलानं हातोडी आणि खिळा पदराला बांधायचाच बाकी ठेवला होता. पण मी म्हटलं, एक शेवटची नजर नकाशावर टाकावी.

टाकली. आणि घाम फुटला!

झोपायच्या खोलीत पलंग होता. नकाशात हो! चांगला डबल पलंग, दोन उशांसकट. जेवणाच्या जागी टेबल, भोवती सहा खुर्च्या. समोरच्या मोकळ्या जागेत मोटारगाडी. कुंपणाच्या आत चार गोल गोल झाडं. वर्षभर मी भिंतीच मोजत राहिलो, आतलं काही पाहिलंच नव्हतं. आणि आमच्याकडे काय? एक दिवाण, एक सतरंजी आणि माझी जुनी स्कूटर. शिक्का तर पूर्ण कागदावर होता. तफावतच तफावत!

मी मयूरीला फोन लावला. "बेटा, नकाशात जे जे हाये ते सारं जाग्यावर पाह्यजे ना?"

"हौ काका, तंतोतंत! ते सायेब लय बारीक पाह्यतात."

पलंगाचं वेगळं विचारायची मला गरजच वाटली नाही. तंतोतंत म्हणजे तंतोतंत. तुम्हीच सांगा, चूक कुणाची? जाऊ द्या, सांगू नका.

फर्निचरचं दुकान आमच्या रज्जाकभाईचं. मित्र माझा लहानपणापासूनचा. हातात इतकी कला की लाकडाला नुसता रंधा लावला तरी बघत राहावं. मी त्याच्यासमोर नकाशा पसरला.

"रज्जाकभाई, गुरुवारपुरता एक डबल पलंग पाह्यजे. सहा फूट बाय साडेसहा. मी पट्टीनं मोजलं."

"काहून? पाहुने येऊन राह्यले काय?"

"सायेब येऊन राह्यले."

"सायेब झोपनार हायेत काय तुह्या घरी?"

मी अट वाचून दाखवली. रज्जाकभाई गंभीर झाला. त्यालाही सरकारी कागदाचं भय. चष्मा कपाळावर चढवून तो नकाशावर वाकला. "या अल्ला! गाडी बी हाये रे याच्यात. ही कुठून आनतं?"

"तुही व्हॅन."

"माही व्हॅन बुटकी हाये बाबू. नकाशातली लंबी दिसून राह्यली."

आम्ही मोजली. हातभर कमी भरली. दोघंही विचारात पडलो. मग रज्जाकभाईच म्हणाला, "मांगचं दार उघडं ठेवू. भरते काय पाहा." भरली! मंडळी, काय सांगू, परीक्षेत पास झाल्याचा आनंद झाला.

झाडांचं तर विचारूच नका. रोपवाटिकेतून कडुनिंबाची चार रोपं आणून लावली, पण नकाशातल्या झाडांचा घेर होता दहा फूट, आणि आमचं रोप वीतभर. मग मी प्रत्येक रोपाभोवती चुन्यानं दहा फुटांचा गोल आखला. झाड मोठं झाल्यावर जेवढं होईल तेवढं. येणारे-जाणारे विचारू लागले, "बाबू, कबड्डीचे सामने भरवता काय?"

दुसऱ्या कागदावर घराचं समोरचं चित्र होतं. त्यात आकाशात दोन पाखरं उडत होती. ती मी सोडून दिली. मी काही एवढा बह्याड नाही. खरं सांगायचं तर गच्चीवर ज्वारीचे दाणे टाकले होते, पण नाही आली पाखरं तर नाही, असा विचार केला.

आणि त्याच चित्रात फाटकाजवळ एक माणूस उभा होता. डाव्या हातात पिशवी घेऊन.

बुधवारी संध्याकाळी सगळं सामान लागलं. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ काही मांडलेलं दाखवलं नव्हतं, तरी शीलानं हट्टानं फळीवर आपला तो जाड कागद अंथरून डबे आणून ठेवले. "चहा तं द्याच लागन ना सायबाले," म्हणाली. मग तिनं पेटी उघडली. लुगडं सोडलं. फ्रेम काढली, पदरानं पुसली.

"ठोकू काय खिळा?"

आणि मी मधात बोललो. "थांब वो. नकाशात खिळा नाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "नकाशात खिळा नाई. बरं. नकाशात मी हावो काय?"

आता शहाण्या माणसानं इथं काय करावं? हसावं, हात जोडावे, विषय बदलावा. मी काय केलं माहीत आहे? मी चष्मा लावला आणि नकाशा पाहिला!

"नाई," म्हणालो. "एक मानूस हाये फाटकाजवळ. बाई नाई."

"तुमी चष्मा लावून पाह्यलं!" शीला म्हणाली. एवढंच. फ्रेम पुन्हा लुगड्यात गेली. 

गुरुवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, डाव्या हातात पिशवी धरून फाटकाजवळ उभा राहिलो. रज्जाकभाई आत गाडीचं मागचं दार धरून. ते आपोआप बंद व्हायचं. आणि शीला? शीला कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली खुर्ची टाकून बसली. मांडीवर फ्रेम, फ्रेमवर हातोडी. "मी नकाशात नाई ना," म्हणाली, "मंग तफावत नको."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पिशवी खाली ठेवून तिच्याकडे जावं, एवढं सुचलं नाही.

साहेब मोटारसायकलवर आले. शांत माणूस, बगलेत फाईल, हातात टेप. मला पाहून थांबले.

"तुमीच बाबू ना? बाहेरगावी चालले काय?"

"नाई सायेब."

"मंग पिशवी?"

"नकाशात हाये."

त्यांनी फाईल उघडली. नकाशा पाहिला. मला पाहिलं. पुन्हा नकाशा पाहिला. मग हळूहळू त्यांची नजर व्हॅनवर गेली, दार धरून उभ्या रज्जाकभाईवर गेली, चुन्याच्या गोलांवर गेली. ते आत गेले. पलंग पाहिला. उशा पाहिल्या. सहा खुर्च्या मोजल्या. आणि सहाव्या खुर्चीवर बसून हसायला लागले. अहो, हसणं थांबेना! डोळ्यांतून पाणी.

"बाबू, अवो बाबू! पलंग, गाडी हे जागा पुरते का नाई ते समजाले काढतात. इंजिनिअर लोकायची पद्धत हाये ती. आमी पाह्यतो सोडलेली जागा, उंची, जिना, संडासाचा शोषखड्डा. सामान कोन पाह्यते?"

"आन् तो मानूस?" मी विचारलं. आवाज जरा बारीकच निघाला.

"तो घराची उंची समजाले! एवढी वर्षं नकाशे पाहून राह्यलो, पन नकाशातला मानूस आज पह्यल्यांदा भेटला मले."

बाहेर रज्जाकभाईनं गाडीचं दार सोडलं. धाडकन आवाज आला.

साहेबांनी टेप लावला. चारही बाजूंच्या मोकळ्या जागा, जिना, उंची, सगळं बरोबर. एका इंचाची तफावत नाही! "असं काम मी पाह्यलं नाई," म्हणाले, आणि फाईलवर सही केली. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. "बाभळीखाली त्या बाई कोन?"

काय सांगणार? "त्या नकाशात नाई," असं तोंडातून निघून गेलं.

साहेब स्वतः रस्ता ओलांडून गेले. "या बाई. घर तुमचं हाये, तुमी बाहेर काहून?"

शीला आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट साहेबांना विचारलं, "सायेब, खिळा ठोकला तं चालते काय?"

"ठोका ना! खिळ्याले कायची परवानगी?"

तिचा चेहरा असा उजळला की मला धनजचा तो दिवस आठवला. आणि मनात आलं, अरे लेका, उभा जन्म शिक्क्याच्या मागं पळालास, आणि घरातल्या सगळ्यात मोलाच्या शिक्क्याचा कागद तू बारा वर्षं पेटीत ठेवलास. एका घरमालकिणीला दोन शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं? मला अगदी भरून आलं.

आणि भरून आलं की माणूस मदत करायला जातो. तिथंच घात होतो!

शीला दाराजवळच्या भिंतीकडे निघाली होती. मी म्हणालो, "अवं, तिथं नको. समोरच्या भिंतीले लाव, मधोमध. आलेल्या मानसाले आधी तेच दिसलं पाह्यजे." टेप काढला. भिंतीचा बरोबर मध्य मोजला. पेन्सिलीनं टिंब दिलं.

"मधात बोलायचं नाई, म्हनलं होतं मी," शीला म्हणाली. पण हसली. बारा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासाठी टेप काढला होता ना! टिंबावर खिळा धरला. एक ठोका. दुसरा ठोका. तिसरा.

भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली! बारीकसारीक नाही, टाकी भरलेली होती वर. पहिली धार शीलाच्या तोंडावर, दुसरी साहेबांच्या शर्टावर. साहेब फाईल डोक्यावर धरून मागं सरले ते सहा खुर्च्यांवर जाऊन आदळले. शीलानं फ्रेम आधी पदराखाली घेतली.

"वाल बंद करा! वाल कुठं हाये?" साहेब ओरडले.

मला काय माहीत? शिक्क्याच्या नकाशात नळ नव्हते, म्हणून तिकडं मी पाहिलंच नव्हतं. नळवाल्याला मयूरीनं तिच्याजवळची प्रत दिली होती. मी तिला फोन लावला. इकडं पलंगाखाली पाणी शिरत होतं.

"काका, तिसरा कागद पाहा ना! त्याच्यात भिंतीतली पाइपाची सारी लाइन दाखवली हाये. वालाले लाल गोल केला."

तिसरा कागद! मी शीलाकडे पाहिलं. शीलानं फळीकडे पाहिलं. रज्जाकभाईनं चहा-साखरेचे डबे दोन्ही हातांनी उचलले, साहेबांनी कागद ओढला, आणि निथळत्या शर्टानं, तपासणीच्या आवाजात वाचायला लागले: "'वाल, जिन्याखाली डाव्या हाताले.' पळा! आन् हे काय लाल शाईनं? 'बैठकीची समोरची भिंत. मधोमध मुख्य पाइप. खिळा ठोकू नये.'"

टिंबाटिंबाची रेघ बरोबर माझ्या टिंबातून गेली होती. तंतोतंत!

रज्जाकभाईनं वाल बंद केला.  आतल्या पलंगाचे चारही पाय पाण्यात उभे होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मी, खरं सांगतो, तेवढ्यातही म्हणालो, "पन त्याच्यावर शिक्का नोयता ना!"

शीलानं साहेबांच्या हातातून कागद घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं मंजुरीचा शिक्का असतो नेमकं तिथं, चहाच्या डब्याच्या बुडाचा गंज उमटला होता. गोल, ठळक, कुठंही न फिसकटलेला.

"हा काय मंग?" ती म्हणाली. "घ्या आवक करून."

साहेब पुन्हा हसायला लागले. या वेळी तीही हसली, रज्जाकभाईही हसला, आणि ओल्या खुर्चीवर बसून तिच्या हातचा चहा घेता घेता शेवटी मीही हसलो. ओल्या पलंगाचा रज्जाकभाईनं आजवर एक शब्द काढला नाही. दाखला आठ दिवसांत आला.

पाइप दुरुस्त झाल्यावर शीलानं दाराजवळच्या भिंतीला, जिथं तिला पहिल्यापासून लावायची होती तिथंच, दहावीची फ्रेम लावली. तिच्या शेजारी दुसरी फ्रेम, त्या तिसऱ्या कागदाची, गंजाच्या शिक्क्यासकट. दोन्ही खिळे तिनं ठोकले. मी मदतीला पुढं झालो, तर तिनं माझ्या डाव्या हातात पिशवी दिली.

"फाटकाजवळ उभे राहा," म्हणाली. "नकाशात तुमची जागा तिथं हाये."

आणि मी गेलो की हो!